हुक्केरीबाईंची शंभर टक्के नोकरी

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मंगळवार पेठेत एका मिरची कांडपाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली ब्याडगी आणि संकेश्वरी कुटली जायची आणि वर आम्ही शिंकत शिंकत विंडोज शिकवायचो. मशिनांना धूळ लागू नये म्हणून चपला जिन्यात काढायच्या आणि नाकाला रुमाल लावून बसायचं, असे दोन नियम होते. पहिला सर पाळायला लावत, दुसरा मिरची.

मी अस्मिता, तेव्हा तेवीस वर्षांची. बी.एस्सी. होऊन याच क्लासात सहा महिने शिकले आणि सातव्या महिन्यापासून तिथंच शिकवायला लागले. विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढं असले तरी मला हायसं वाटायचं. क्लासचे मालक सोमेश सर. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचा स्वतःच्या बोर्डावर फार विश्वास होता. तो बोर्ड जिन्याच्या तोंडाशी होता. 'तीन महिन्यांत कॉम्प्युटर. १०० टक्के नोकरीची हमी. वयाची अट नाही.'

यातली शेवटची ओळ वाचून शांतादेवी हुक्केरी जिना चढून आल्या.

वय बेचाळीस. माहेर कुरुंदवाड. लग्नाआधी तीन वर्षं त्या तिथल्या एका सोसायटीत टायपिस्ट होत्या. लग्न झालं आणि नोकरी सुटली. नवऱ्याचं, म्हणजे गुरुपादअण्णांचं, पेठेत गोणपाट आणि सुतळीचं दुकान. एकुलती एक मुलगी शांभवी अकरावीत. घरी सगळं ठीक होतं, तरीही त्यांना नोकरी हवी होती. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, कोर्स कशासाठी करताय? पोरं-पोरी एका सुरात म्हणाली, करिअरसाठी. हुक्केरीबाई उभ्या राहिल्या.

"एकोणीस वरसं दुसऱ्यांचं डबं भरलं, मॅडम. आता सकाळी सायेब लोकांगत माझा डबा घेऊन भाईर पडायचं हाय. बोर्डावर लिव्हलंय तसं तीन म्हैन्यांत पडतो न्हवं?"

कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्या 'मी आलो, मी पडतो' असंच बोलत. मी "हो" म्हणाले. सर मागं उभे होते, दुसरं काय म्हणणार?

वर्गात त्या मला मॅडम म्हणायच्या आणि जिना उतरला की 'तंगी'. पहिला आठवडाभर मला वाटलं, माझ्या पगाराची बातमी पेठेत फुटली आहे. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात हे पुढं कळलं. अर्थ दोन्ही लागू होते.

त्यांना शिकवणं म्हणजे रोजचा प्रसंग होता. टाइपरायटरवर हात बसलेला, त्यामुळं की-बोर्डवर बोटं अशी आदळायची की टेबल हलायचं. "बाई, हळू," मी म्हणायचे. "हळू मारलं तर उमटंल का?" त्या विचारायच्या. ओळ संपत आली की त्या घंटी वाजायची वाट बघायच्या. घंटी वाजत नाही म्हटल्यावर डावा हात आपोआप वर जायचा आणि टाइपरायटरचा दांडा समजून मॉनिटरला ढकलायचा. पहिल्या पंधरवड्यात आमचा एक मॉनिटर भिंतीपर्यंत सरकला. ओळ आपोआप खाली जाते हे तर त्यांना अपमानासारखं लागलं. "मला न विचारता गेलं की खाली!"

पण एक दिवस मी मराठी फाँट असलेल्या एकुलत्या एका मशिनवर त्यांना बसवलं. मराठीच्या कळा टाइपरायटरच्याच क्रमानं होत्या. बाईंनी पदर खोचला आणि बोटं सुटली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत अर्धं पान झालं होतं, तेही एकही चूक न करता. मग त्यांनीच हात थांबवून माझ्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "बोटं मेली न्हवती म्हणायची."

तीन महिने झाले, परीक्षा झाली, सर्टिफिकेट मिळालं. बाईंनी ते लॅमिनेट करून घेतलं. मग हमीची पाळी आली. सरांनी त्यांना दोन ठिकाणी पाठवलं. पहिल्या ठिकाणी कापडदुकानदारानं विचारलं, "मुलगी कुठाय?" बाई म्हणाल्या, "घरात, अभ्यास कराय लागलीया. नोकरी मला पायजे." त्याला पंचविशीच्या आतली हवी होती. दुसऱ्या ठिकाणी कॉम्प्युटर यायचा होता. तो येईपर्यंत झाडलोट आणि फोन घ्यायचा, अशी नोकरी होती. बाई त्याच रिक्षानं परत आल्या.

नंतर रोज सकाळी अकरा वाजता त्या क्लासात येऊन बाकावर बसायला लागल्या. तंटा नाही, आवाज नाही. नवीन प्रवेश घ्यायला कुणी आलं की त्याच्याकडं बघून हसायच्या, तेवढंच. सरांना ते हसणं झेपेना.

आठव्या दिवशी बाईंनी तोंड उघडलं. "सर, बोर्डावर शंभर टक्के लिव्हलंय. तर मी कितवा टक्का?"

सर गडबडले. भिंतीवर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून बारा फोटो फ्रेम करून लावले होते, खाली नावं. तिकडं हात करून ते म्हणाले, "हे बघा बारा जण. सगळे मार्गी लागले. धीर धरावा लागतो, बाई. विश्वास नसेल तर विचारा त्यांना."

"विचारू?"

"विचारा की!"

सरांनी असं म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बाई शांभवीची दोनशे पानी वही घेऊन आल्या आणि बारा नावं उतरवून घेतली. पत्ते माझ्या रजिस्टरात होते. मी सरांकडं पाहिलं, सर खिडकीबाहेर पाहत होते. मी पत्ते दिले.

"पयली तूच," बाई जिन्यात म्हणाल्या, कारण बारातला एक फोटो माझाच होता. "कोर्स केलास, नोकरी लागली. कुठं? त्याच क्लासात. तुला अर्धी धरतो."

उरलेल्या अकरांसाठी गुरुपादअण्णांची स्कूटर कामाला लागली. दुपारी दुकान बंद करून जेवायची त्यांची वेळ, ती नऊ दिवस यात गेली. अण्णा फार बोलत नसत. स्कूटर चालूच ठेवून ते दारात थांबायचे. मी दोन-तीनदा रिक्षानं मागून गेले, तेव्हा ते म्हणाले, "हिला नोकरी लागंपतोर ड्रायव्हरची मला लागली बघा."

काय काय निघालं म्हणता! एकाचं वडलांचं औषधांचं दुकान होतं, तो तिथंच बसायचा. दुकानात कॉम्प्युटर होता, त्यावर पोपटांचं भरतकाम केलेलं कव्हर होतं आणि कव्हरवर गणपती. दसऱ्याला पूजा करतात, एरवी बिलं हातानंच. साखर कारखान्यात लागलेला एक होता, पण तो कोर्सच्या चार वर्षं आधीच लागलेला होता, रजा काढून कोर्सला आला होता. तीन मुलींची लग्नं झाली होती. त्यातल्या एकीची आई खूश होती. पाहुण्यांनी पत्रिकेत 'कॉम्प्युटर कोर्स' वाचूनच होकार दिला म्हणे. बाईंनी वहीत लिहिलं, 'नवरा लागला.' दोघं पुण्याला होते. त्यांच्या आया म्हणाल्या, कंपनीत हाय. कसली कंपनी, ते आयांना ठाऊक नव्हतं. बाईंनी दोघांना पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, तो तिथं एका क्लाससाठी फोनवरून कोर्सच विकत होता. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. एक मुलगी खरोखर दवाखान्यात बिलं करत होती, पगारही मिळत होता. तिला भेटून बाईंना इतका आनंद झाला की तिच्यासाठी त्यांनी पेढे नेले. आणि एक गृहस्थ दार उघडून म्हणाले, "कोर्स? न्हाय ओ. दाजींनी फोटो मागितला, दिला." ते सरांचे मेव्हणे होते.

एका भेटीला मी होते, ती मला जास्त आठवते. पिराजी नावाचे पन्नाशीचे गृहस्थ. सूतगिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि पोरांच्या नादानं कोर्सला आले. फोटोत कोट घातलेला, मिशीला पीळ. आम्ही गेलो तेव्हा ते एका ऑफिसच्या दारात स्टुलावर बसले होते, वॉचमन म्हणून. आत सहा कॉम्प्युटर चालू होते.

"अर्ज केल्ता आतल्या जागंसाठी," पिराजी म्हणाले. "सायबानं सर्टिफिकीट बगितलं, मग मला बगितलं. म्हणाला, उंची झ्याक हाय, मिशी बी हाय, दारात बसा. बसलो. वीज गेली का आतली पोरं वराडत्यात, तवा मी सांगतो, आदी सेव करा. तेवडा उपेग हाय की कोर्सचा."

ते हसले, आम्हीही हसलो. परत येताना घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "तंगी, पोरांचं बरं असतंय. त्यांना अजून काईच न्हाय म्हणून कोर्स करत्यात. आमचं एकदा होऊन गेलेलं असतंय. ते कुणी इचारतच न्हाय."

शेवटचा राहिला शार्दूल. बावीस वर्षांचा, गुळगुळीत भांग पाडणारा पोरगा. त्याला आकाराम अण्णांच्या लग्नपत्रिका छापायच्या प्रेसमध्ये नोकरी लागली होती, हे खरं होतं. ती महिन्यापूर्वी गेली, हेही खरं होतं. का गेली ते तो सांगेना. बाई त्याच्या आईनं दिलेले पोहे खात बसून राहिल्या. शेवटी त्यानंच सांगितलं.

प्रेसला निपाणी-चिक्कोडीकडची गिऱ्हाइकं फार. निम्म्या पत्रिका कानडीत. शार्दूलला कानडी वाचता येत नव्हतं. हातानं लिहिलेल्या कागदावरचं अक्षर बघायचं, तक्त्यात तसलंच अक्षर शोधायचं आणि ती कळ दाबायची, असं त्याचं चाले. एका पत्रिकेत तारखेच्या आधीचं 'दि.' त्यानं चुकून खालच्या ओळीत, नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावाआधी लावलं. कानडीत मेलेल्या माणसाच्या नावाआधीही 'दि.' लावतात. पाचशे पत्रिका छापून, वाटूनही झाल्या.

"मग?" बाईंनी विचारलं.

"आजोबा यष्टीनं आले निपाणीहून," शार्दूल मान खाली घालून म्हणाला. "प्रेसच्या दारात उभं राहून वरडायला लागले, मी हाय का न्हाय ते आदी सांगा. निम्मी पेठ गोळा झाली. आण्णांनी मला त्याच दिवशी काढलं. मी परत जाणार न्हाय तितं."

बाईंनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "तू जाणार न्हाईस. म्हंजे जागा रिकामी हाय न्हवं?"

"हाय. पण कानडी पायजे त्यास्नी."

चिक्कोडी हे बाईंच्या आईचं माहेर. लहानपणी सुट्ट्या सगळ्या तिकडं, घरात आईशी कानडी आणि बापाशी मराठी. कानडी वाचायला त्या देवघरातल्या पोथ्यांवर शिकल्या होत्या. हे त्यांनी तीन महिन्यांत मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या प्रवेशाच्या फॉर्मवर शिक्षण, वय, पत्ता होता, 'तुम्हाला आणखी काय येतं' असा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या प्रेसमध्ये गेल्या. सोबत मी होते, गुरुपादअण्णा बाहेर स्कूटरवर. आकाराम अण्णा म्हणजे पांढरी विजार, खांद्यावर टॉवेल, आवाज रस्त्यापलीकडं जाणारा.

"या पावणं! कार्ड छापायचंय? मुलगी का मुलगा?"

"मीच," बाई म्हणाल्या. "नोकरीला आलोय."

त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय?"

"बेचाळीस."

"माझ्या कॉम्प्युटरचं तीन हाय."

"मग त्येला सांबाळाय कोण तरी मोठं पायजेच की."

आकाराम अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची दिली. बाईंनी सर्टिफिकेट पुढं केलं. नेमकी वीज गेली होती. आकाराम अण्णांनी ते हातात घेतलं, न वाचता त्यानं वारा घेतला आणि टेबलाच्या खणातून एक चुरगळलेला कागद काढला. कुणाच्या तरी लग्नाचा कानडी मजकूर, घाईत लिहिलेला. "ह्ये वाचा."

बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबल्या. "ह्ये मामा दोनदा आल्यात. एकदा वर, एकदा खाली."

"कोण?"

"मामा. आणि हितं आज्जाच्या नावाआधी काईच न्हाय. माणूस जिता हाय का गेला, इचारून घ्या. गेला आसंल तर आमच्या लिंगायतांत 'लिं.' लावत्यात, लिंगैक्य. न्हाय लावलं तर भाऊबंद जेवायला बसत न्हाईत."

आकाराम अण्णांनी सर्टिफिकेटनं वारा घ्यायचं थांबवलं. त्यांनी लगेच गिऱ्हाइकाला फोन लावला. आजोबा सहा वर्षांपूर्वी वारले होते. मामा एकच होते.

"उद्यापास्नं या," ते म्हणाले. "आट दिस बगतो. डबा आणा, हितं जवळ हाटेल न्हाय."

बाहेर आल्यावर बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मी म्हटलं, मिरचीचा क्लास तर मागं राहिला, आता काय झालं? त्या म्हणाल्या, "गप बस." गुरुपादअण्णांनी काय झालं ते विचारलं नाही. स्कूटर वळवली आणि पेठेत न जाता सरळ मिठाईच्या दुकानाकडं नेली.

त्याच संध्याकाळी बाई क्लासात आल्या, वही घेऊन. नवीन बॅच भरलेली होती. सरांनी त्यांना आत केबिनमध्ये बोलवायचा फार प्रयत्न केला, पण बाईंना केबिनमधला वारा सोसत नव्हता म्हणे. वर्गासमोरच त्यांनी बारा नावं वाचली. मेव्हण्यांचं नाव आलं तेव्हा सर शिंकले. ती एक शिंक मिरचीची नव्हती.

"बारांत अडीच," बाई म्हणाल्या. "दवाखान्यातली पोरगी, पुण्यात कोर्स इकणारा, आणि ही अर्धी. टक्कं तुमी काडा, सर, तुमचं गणित चांगलं हाय. आणि नव्यानं सुरू करणारी आमी दोगं. पिराजी दारात, आणि मी उद्यापास्नं आत. पर ते तुमच्या बोर्डामुळं न्हवं."

"मग कशामुळं, बाई?" सरांनी खरंच विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

बाईंनी वही मिटली. "तसं बगितलं तर तुमच्यामुळं बी हाय. मशिनपुढं बसायची भीती तुमी घालवली. तीन म्हैने मी हितं नसतो, तर त्या प्रेसची पायरी चढलो नसतो. पण कानडी माज्या आईनं दिलं, टायपिंग सोसायटीनं, आणि जागा मी हुडकली. तुमचा वाटा चार आण्याचा. तेवडाच बोर्डावर लिवा."

सरांनी चार आणे लिहिले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात '१०० टक्के नोकरीची हमी' खरवडून तिथं 'नोकरीसाठी प्रामाणिक मार्गदर्शन' असं रंगवलं गेलं आणि मेव्हण्यांची फ्रेम रिकामी झाली. त्यात हुक्केरीबाईंचा फोटो लावायची सरांची इच्छा होती. बाईंनी अट घातली, खाली 'नोकरी स्वतः शोधली' असं लिहायचं. सरांनी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं. गंमत अशी, की तो फोटो बघून पुढच्या वर्षी चाळिशीच्या पाच बायका प्रवेशाला आल्या. त्यांतल्या दोघींना पुढं कामं मिळाली, तिघींना नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर मी 'आणखी काय येतं' असा रकाना हातानं आखायला लागले. एकीनं तिथं लिहिलं, 'सासूशी जमवून घेता येतं.' तिला एका पतपेढीच्या काउंटरवर नोकरी लागली.

प्रेसमधले आठ दिवस कधी संपले ते आकाराम अण्णांनी मोजलं नाही. पंधरा दिवसांत बाईंची बोटं कानडी कळांवर बसली. गिऱ्हाइकं त्यांच्या टेबलाशी थांबायला लागली. कुणाचं नाव वर घ्यायचं, कुणाचं खाली, रुसलेल्या चुलत्याला 'प्रेषक' करायचं की 'आशीर्वाद', हे त्या कार्ड लावता लावता मिटवून द्यायच्या. कार्ड छापायला आलेल्या दोन भावांचं बोलणं सुरू झालं, असंही एकदा झालं. आकाराम अण्णा सगळ्यांना सांगायचे, "आमच्याकडं छपाईचं पैसं घेतो, सल्ला फुकट." मधल्या काळात माझं लग्न झालं, मी सांगलीला गेले, पण कोल्हापूरला आले की प्रेसमध्ये डोकवायचेच.

दोन हजार पाच साली शांभवीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच आईनं लावली, एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी. सात वर्षांत शेकडो घरांच्या पत्रिका त्यांच्या हातून गेल्या होत्या, एकाही आजोबाला परत यष्टीनं यावं लागलं नव्हतं. त्यामुळं स्वतःची पत्रिका त्यांनी दुसऱ्या कुणाला तपासायला दिलीच नाही. मराठी बाजू बिनचूक होती. कानडी बाजूला शुक्रवारच्या जागी गुरुवार पडला होता.

कळलं ते गुरुवारी सकाळी. चिक्कोडीच्या मामी अंबूबाई चौदा माणसं घेऊन दारात उतरल्या. नवी लुगडी, पोरांच्या डोक्याला तेल. मांडव अजून अर्धाच होता. गुरुपादअण्णा बनियनवर होते.

"मुहूर्त टळला का काय?" अंबूबाईंनी कानडीत विचारलं.

बाईंनी त्यांच्या हातातली पत्रिका घेतली, वाचली आणि तिथंच पायरीवर बसल्या. मी आदल्या दिवशीच आले होते. मला बघून म्हणाल्या, "तंगी, एक वार खाल्ला गं मी."

दुपारपर्यंत आणखी दोन गाड्या आल्या. आकाराम अण्णाही आले, त्यांना कुणीतरी प्रेसवर सांगितलं होतं. ते मांडवात उभे राहून पेठेला ऐकू जाईल असे हसले. "सात वरसांत पयली चूक, ती बी घरच्या कार्डात. गिऱ्हाईक वाचलं माझं!"

अंबूबाईंनी मात्र कमरेला पदर खोचला आणि सगळ्यांना कामाला लावलं. आलेल्या पुरुषांनी मांडव पुरा केला, बायकांनी शंभर माणसांच्या पोळ्या लाटल्या, पोरांनी केळीचे खांब बांधले. संध्याकाळी गुरुपादअण्णा मला हळूच म्हणाले, "बरं झालं बगा चुकलं ते. माणसं कुटनं आणली असती एवडी कामाला?" हे बाईंनी ऐकलं. चेहरा जरा सैल झाला, पण पुढं कित्येक दिवस गुरुवारी कुणी दारात आलं की त्या दचकायच्या.

शुक्रवारी अक्षता झाल्या, मराठी पाहुणे वेळेवर आले. शनिवारी कानडी पाहुणे गेले, तीन दिवस राहून, खुशीत. रविवारी शांभवी सासरी गेली आणि घर एकदम रिकामं झालं. मी म्हटलं, आठ दिवस रजा घ्या, विश्रांती घ्या. हुक्केरीबाईंनी मान हलवली. सोमवारी साडेनऊला त्या प्रेसच्या टेबलाशी होत्या. समोर निपाणीचं गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्या त्याला विचारत होत्या, "पावणं, वार नक्की कुठला? परत एकदा सांगा."